आजारपणाची पुंजी

आम्हां शाळामास्तरांच्या घरीं पगाराच्या दिवशीं पैशांच्या पुड्या बांधण्याची रीत असे. एक पुडी वाण्याची, एक घरभाड्याची, आणि तिसरी, जी न सोडावी लागो अशी प्रार्थना असे, ती दुखण्याबाण्याची. माझा भाचा न्यू जर्सींत नोकरीस आहे. परवां तो टेलिफोनवर म्हणाला, “मामा, दांताच्या डॉक्टरचें बिल मीं आरोग्य-बचत खात्यांतून भागविलें.” अमेरिकेनें ही तिसरी पुडी कायद्यांत बसविली आहे तर! ती कशी, तें आज सांगावयाचें आहे.

या कथेचा आरंभ मात्र पुडीनें नव्हे, सामायिक गल्ल्यानें झाला. १९२९ सालीं टेक्ससमधील डॅलस शहरीं बेलर विद्यापीठाच्या इस्पितळाचा कारभार जस्टिन किंबॉल यांजकडे होता. हे गृहस्थ पूर्वीं त्याच शहराच्या शाळांचे मुख्य अधिकारी होते. थकलेल्या बिलांत त्यांना शिक्षकांचीं नांवें दिसलीं. त्यांनीं योजना काढली कीं, शिक्षकानें दरमहा ५० सेंट द्यावे व गरज पडल्यास २१ दिवसांपर्यंत इस्पितळांत निराळा आकार न देतां राहावें. निरोग्यांच्या पैशांतून आजाऱ्याची सोय होई.

पुढें महायुद्धांत, १९४२ सालीं, सरकारनें पगारवाढीस आळा घातला. तेव्हां मालक पगाराऐवजीं विमा देऊं लागले. १९५४ च्या करकायद्यानें या विम्यावरील करमाफी पक्की केली. बिल दुसराच भरतो म्हटल्यावर तें पाहतो कोण, असा आक्षेप अर्थशास्त्रज्ञ घेऊं लागले.

१९७४ ते १९८२ या काळांत रँड संस्थेनें याचा मोठा प्रयोग केला. बिलाचा वांटा ज्यांना स्वतः भरावा लागे, ते उपचार कमी घेत. व सरासरीनें त्यांची प्रकृति बिघडली नाहीं. परंतु अनावश्यक उपचारांबरोबर आवश्यक उपचारही त्यांनीं टाळले, आणि रक्तदाबाच्या गरीब रोग्यांचें त्यांत नुकसान झालें. पुढील काळांत या निष्कर्षाचा पूर्वार्ध मोठ्यानें वाचला गेला, उत्तरार्ध हलक्या आवाजांत.

१९९६ सालीं लहान धंदेवाल्यांपुरतें असें खातें प्रयोगादाखल निघालें. ८ डिसेंबर २००३ रोजीं अध्यक्ष बुश यांनीं नव्या कायद्यावर सही केली, आणि १ जानेवारी २००४ पासून आजचें आरोग्य-बचत खातें सुरू झालें. त्याची अट अशी कीं, आरंभीचा मोठा खर्च स्वतः सोसावा लागेल असाच विमा खातेदाराचा असावा. २००४ सालीं ही किमान रक्कम एकट्यास १,००० डॉलर व कुटुंबास २,००० डॉलर होती. त्या बदल्यांत सवलत तिहेरी : ठेव भरतांना केंद्राचा प्राप्तिकर नाहीं, वाढीवर नाहीं, आणि औषधोपचारासाठीं काढतांनाही नाहीं. शिल्लक वर्षअखेरीस बुडत नाहीं. खर्च मात्र खातें उघडल्यानंतरचा हवा, व पावती जपून ठेवावी. ती असेल तर पैसे कांहीं वर्षांनींही काढतां येतात. भलत्या कामासाठीं काढल्यास कर पडतो, शिवाय दंड. हा दंड २०११ पासून शेंकडा १० चा २० झाला. वयाच्या ६५ वर्षांनंतर दंड नाहीं, फक्त कर.

योजना चतुर आहे, यांत शंका नाहीं. परंतु ज्याच्या पगारांतून कांहींच उरत नाहीं, त्यानें खात्यांत काय घालावें? ज्यास कर थोडा, त्यास करमाफीचा लाभही थोडा. आरंभीचा मोठा खर्च मात्र त्याच्याही माथीं तेवढाच.

माझ्या तिसऱ्या पुडीची एकदां परीक्षा झाली. पत्नीस विषमज्वर झाला. पुडी चौथ्या दिवशीं संपली. पुढील तीन आठवडे माझ्या सहशिक्षकांनीं वर्गणी काढून निभावून नेले. तेव्हांपासून पुडी बांधणें मीं सोडलें नाहीं. पण शिक्षकांच्या सामायिक निधींत वर्गणी भरण्यासही कधीं चुकलों नाहीं. भाच्याला मीं एवढेंच सांगितलें : खातें जरूर ठेव, बाबा, पण डॅलसच्या त्या ५० सेंटांची आठवणही ठेव.