पडद्यावरचा कॉम्प्युटर खरा होता का?

जुन्या सायन्स फिक्शन सिनेमात काळ्या स्क्रीनवर हिरव्या रेषांचं शहर फिरताना पाहिलंय ना? आत पोकळ, नुसत्या कडा. याला वायरफ्रेम म्हणतात. आज असा सीन लॅपटॉपवर एका दुपारीत होतो. तेव्हा तो कसा करायचे, ते आज बघू.

१९६८च्या '२००१: अ स्पेस ओडिसी'त यानभर स्क्रीन आहेत, आकडे-आलेख सरकतायत. पण ती चित्रं कॉम्प्युटर काढत नव्हता. आधी ॲनिमेशन करून ते १६ मिलिमीटर फिल्मवर घेतलं आणि पॅनलच्या मागून प्रोजेक्टरने दाखवलं.

१९७७च्या 'स्टार वॉर्स'मध्ये शेवटच्या हल्ल्याआधी वैमानिकांना डेथ स्टारचा नकाशा दाखवतात. तो मात्र अस्सल! लॅरी क्यूबाने तो शिकागोच्या विद्यापीठात, टॉम डिफँटीच्या 'ग्रास' नावाच्या प्रोग्रॅमिंग लँग्वेजमध्ये बनवला. मशीनने एकेक फ्रेम आखायची, कॅमेऱ्याने ती टिपायची. एका सेकंदाला चोवीस फ्रेम्स. हिशेब तुम्हीच करा.

आता माझा लाडका किस्सा. १९८१, जॉन कार्पेंटरचा 'एस्केप फ्रॉम न्यूयॉर्क'. हिरो रात्री ग्लायडरने मॅनहॅटनवर उतरतोय आणि समोरच्या स्क्रीनवर इमारती वायरफ्रेममध्ये सरकतायत. खऱ्या कॉम्प्युटरवर हे करणं बजेटच्या बाहेर होतं. मग काय केलं? शहराचं छोटं मॉडेल बनवलं, त्याला काळा रंग दिला, कडांवर चमकणाऱ्या पट्ट्या चिकटवल्या आणि त्यातून कॅमेरा फिरवला. बस्स!

इंजिनिअर म्हणून मला यातली खरी गंमत वेगळीच वाटते. साध्या वायरफ्रेममध्ये पुढच्या इमारतीतून मागच्या इमारतीच्या रेषाही दिसतात, सगळा गुंता होतो. मागच्या रेषा लपवायच्या तर कुठली रेषा कशाच्या आड जाते, हे प्रत्येक फ्रेमला मोजावं लागतं. तेव्हाच्या मशीनला हे भलतंच जड काम. मॉडेलमध्ये मात्र पुढचं खोकं मागच्याला आपोआप झाकतं, फुकटात! म्हणजे नकली ग्राफिक्स त्या काळच्या असलीपेक्षा साफ दिसत होते. कॉम्प्युटरची नक्कल माणसं करत होती आणि कॉम्प्युटरपेक्षा बरी करत होती.

पुढच्याच वर्षी, १९८२ला, डिस्नेचा 'ट्रॉन' आला. त्याला व्हिज्युअल इफेक्ट्सचं ऑस्करचं नॉमिनेशनसुद्धा मिळालं नाही. दिग्दर्शक स्टीव्हन लिसबर्गरच्या म्हणण्यानुसार, कॉम्प्युटर वापरणं म्हणजे चीटिंग, असं अकादमीला वाटलं होतं. आणि त्या अख्ख्या सिनेमात निव्वळ कॉम्प्युटरने काढलेली दृश्यं जेमतेम पंधरा-वीस मिनिटांची. नटांच्या कपड्यांवरच्या त्या झगमगत्या रेषा? त्या माणसांनी फ्रेम-बाय-फ्रेम, हाताने केल्यात.