मैदान उघडलं, पण आधी कुणासाठी?

आजची गोष्ट इंग्लंडमधली आहे, पण ऐकताना आपल्या गावचं मैदान आठवेल.

पहिल्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि बायका कारखान्यांत कामाला लागल्या. प्रेस्टन शहरातल्या ‘डिक, कर’ कारखान्यातल्या बायकांनी फुटबॉलचा संघ काढला. सामन्यांतून जमलेला पैसा त्या जखमी सैनिकांसाठी देत. २६ डिसेंबर १९२० रोजी लिव्हरपूलला त्यांचा सामना पाहायला सुमारे ५३,००० माणसं लोटली.

वर्षभरातच, ५ डिसेंबर १९२१ला, तिथल्या फुटबॉल संघटनेनं ठरवलं, की हा खेळ बायकांना शोभत नाही. क्लबांनी त्यांना मैदान देऊ नये. ही बंदी जवळजवळ पन्नास वर्षं टिकली. बायका मिळेल त्या मोकळ्या जागेत खेळत राहिल्या.

मग करोना आला. नोव्हेंबर २०२०च्या टाळेबंदीत मोठ्या क्लबांमधल्या मुलग्यांचा सराव चालू राहिला. मुलींच्या सराव केंद्रांना मात्र थांबावं लागलं. २९ मार्च २०२१ला मैदानी खेळांचे स्थानिक क्लब सगळ्यांसाठी पुन्हा उघडले.

पुढे आपल्याकडेही करोनाचे निर्बंध उठले. कबड्डी, खो-खोची मंडळं पुन्हा जमू लागली. पण कुलूप निघालं म्हणजे मुलींना जागा मिळालीच, असं नाही. गटाच्या बैठकीत विचारा, मैदानावर आपल्या मुलींची वेळ कोणती? ठरलेली नसेल, तर ग्रामसभेत मांडा आणि ठरावात लिहून घ्या.