अर्जातली चूक आणि गप्प बसण्याचा सल्ला

दिल्लीतले सरोजिनी नगर ही केंद्र सरकारी नोकरदारांची वस्ती. पूर्वी या भागाला विनय नगर म्हणत. जुने क्वार्टर पाडून तिथे आता उंच इमारती उभ्या राहत आहेत, पण इथल्या मराठी घरांत मुलांच्या प्रवेश-अर्जांविषयी जे एक मत रुजले आहे ते काही क्वार्टरांबरोबर पडलेले नाही. मत असे: अर्जात चूक झाली की वर्ष गेले. आणि झालीच, तर तोंड उघडू नका. कळवायला गेलात तर ज्याचे लक्ष नव्हते त्याचेही लक्ष जाईल. स्पीच थेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांच्या बाबतीत याला एक पुरवणीही जोडतात. ज्याला दुसऱ्याची वाचा दुरुस्त करायची, त्याच्याच अर्जात चूक सापडली तर त्याला कोण घेणार?

हा पूर्वपक्ष अडाणी नाही. म्हैसूरची अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था, वांद्र्याची अली यावर जंग राष्ट्रीय संस्था, मुंबईच्या नायर रुग्णालयाचे महाविद्यालय, पुण्याचे भारती विद्यापीठ अशी नावे मराठी घरांत घेतली जातात. जागा मोजक्या आणि उमेदवार पुष्कळ. अर्ज ऑनलाइन, म्हणजे समोर माणूस नाही. सरकारी कचेरीत आयुष्य काढलेल्या बापाला हेही ठाऊक असते की फाइलवर एकदा प्रतिकूल शेरा पडला की तो निघता निघत नाही. भीतीला कारण आहे. तिच्यातून काढलेले दोन्ही निष्कर्ष मात्र चुकीचे आहेत.

पहिला निष्कर्ष, चूक म्हणजे बाद. सरोजिनी नगरहून फार लांब नसलेल्या सर्वोच्च न्यायालयाने थोड्याच अंतराने दिलेले दोन निकाल या संदर्भात शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत. २ जानेवारी २०२४ रोजी वशिष्ठ नारायण कुमार विरुद्ध बिहार राज्य या प्रकरणाचा निकाल लागला. पोलीस शिपाईपदाच्या एका उमेदवाराने सायबर कॅफेतून अर्ज भरला होता. दहावीच्या गुणपत्रिकेवर जन्मतारीख १८ डिसेंबर १९९७, अर्जात पडली ८ डिसेंबर १९९७. परीक्षा उत्तीर्ण होऊनही त्याला बाद केले गेले. न्यायालयाने म्हटले की ही क्षुल्लक चूक आहे. कुठलीही तारीख धरली तरी तो पात्रच ठरतो, चुकीने त्याला काडीचा फायदा झालेला नाही. त्याची उमेदवारी रद्द करता येणार नाही. त्याआधी, ऑक्टोबर २०२३ मध्ये, न्या. माहेश्वरी आणि न्या. विश्वनाथन यांच्या याच खंडपीठाने संघ लोकसेवा आयोगाच्या २०२२ च्या परीक्षेतल्या आर्थिक दुर्बल घटकाच्या उमेदवारांना मात्र दाद दिली नव्हती. त्यांच्याकडे नियमाने मागितलेले उत्पन्नाचे प्रमाणपत्र ठरलेल्या स्वरूपात आणि ठरलेल्या तारखेपर्यंत नव्हते. पीठ तेच असून निकाल उलटे, कारण पहिल्या प्रकरणात पात्रता होती आणि नोंद चुकली होती. दुसऱ्यात पात्रतेचा आधारच वेळेत उभा नव्हता. याच्याही आधी, २००४ साली, ओडिशाच्या एका वैद्यकीय प्रवेशाच्या प्रकरणात न्यायालयाने हाच भेद सांगितला होता: अर्हता शेवटच्या तारखेला अंगी असलीच पाहिजे, तिच्या पुराव्याच्या बाबतीत मात्र थोडी सवलत देता येते.

म्हणजे ‘चूक झाली’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. नोंद चुकली की पात्रता, हे आधी पाहायचे.

दिल्लीतल्या मराठी मुलांच्या हातून होणाऱ्या चुका याच भेदावर घासून बघू. नावाची चूक तर जवळजवळ ठरलेली. महाराष्ट्र मंडळाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येते. सीबीएसईच्या गुणपत्रिकेवर स्वतःचे नाव आधी. मुलगी दहावी-बारावी दिल्लीत शिकली आणि पदवीला मुंबईत गेली की एकाच मुलीची दोन नावे कागदावर फिरू लागतात, आणि पासपोर्टवर तिसरेच निघते. या चुकीला घाबरण्यासारखे काही नाही. एक प्रतिज्ञापत्र, दोन्ही गुणपत्रिकांच्या प्रती आणि चार ओळींचे पत्र एवढ्यात ती मिटते. तिच्यासाठी रात्री जागवणाऱ्या घरांचे मला नवल वाटते.

प्रवर्गाचा रकाना मात्र वेगळा. महाराष्ट्रात विमुक्त जाती आणि भटक्या जमातींना स्वतंत्र आरक्षण आहे. केंद्राकडे तसा प्रवर्ग नाही, तिथे त्यांतल्या बऱ्याच जाती इतर मागासवर्गात येतात. मराठा समाजाला २०२४ च्या राज्य कायद्याने मिळालेले आरक्षण केंद्रीय संस्थेत चालत नाही. म्हैसूरची संस्था केंद्राची. तिथे राज्याच्या नमुन्यातला दाखला जोडला तर तो बिनकामाचा. केंद्राच्या नमुन्यातला, नॉन-क्रीमी लेयरचा, चालू मुदतीचा दाखला हवा. ही चूक दिसायला रकान्याची, पण मुळात पात्रतेच्या पुराव्याची. शेवटची तारीख उलटल्यावर ती लक्षात आली तर सर्वसाधारण प्रवर्गातून विचार व्हावा अशी लेखी विनंती करणे, एवढेच प्रामाणिकपणे हातात उरते. इथे पूर्वपक्षाची भीती खरी आहे हे मान्य करतो. पण अशा वेळीच गप्प राहण्याचा सल्ला सर्वांत महाग पडतो: कागदपत्रांच्या पडताळणीत दाखला नाकारला गेला की दोन्ही प्रवर्ग हातचे जातात.

परदेशी अर्जात आणखी एक चूक नेहमीची, ती म्हणजे आपल्या टक्केवारीचा घरीच जीपीए करून टाकणे. आपल्याकडे साठ टक्के म्हणजे पहिला वर्ग, अमेरिकेत साठ म्हणजे जेमतेम. साध्या गुणाकाराने आलेला आकडा एक तर मुलाला बुडवतो, नाही तर त्याला खोटे ठरवतो. गुण गुणपत्रिकेवर आहेत तसे द्यावेत, रूपांतर मूल्यांकन करणाऱ्या संस्थेवर सोडावे. आधीच आकडा टाकून बसला असाल तर तो दुरुस्त करून मागा.

आता दुसरा निष्कर्ष, गप्प बसा. मला खरा आक्षेप यावर घ्यायचा आहे, कारण हा सल्ला ज्या विद्येत प्रवेश मागायचा तिच्याच विरुद्ध जातो. अमेरिकेत वाचा-उपचाराचा पाया घालणाऱ्यांत चार्ल्स व्हॅन रायपर (१९०५–१९९४) यांचे नाव येते. ते स्वतः तोतरे होते. तरुणपणी बोलणे टाळण्यासाठी त्यांनी मुका-बहिरा असल्याचे सोंग घेऊन शेतावर मजुरी केल्याची गोष्ट या क्षेत्रात सर्वांना ठाऊक आहे. पुढे मिशिगनमध्ये १९३६ साली त्यांनी उपचारकेंद्र उभे केले आणि उपचाराचा जो क्रम बसवला तो लक्ष देऊन पाहण्यासारखा आहे. आधी शिकवायचे, शब्द अडखळून निघालाच तर थांबून तोच शब्द पुन्हा सावकाश उच्चारणे. मग, अडखळणे चालू असतानाच त्यातून हलके बाहेर येणे. शब्दाच्या आधीची तयारी शेवटी. खबरदारी शेवटी आणि नंतरची दुरुस्ती पहिली, हा क्रम त्यांनी उगाच लावला नव्हता. लपवल्याने आणि टाळल्याने अडखळणे वाढते, उघडपणे हाताळल्याने त्याचा जोर ओसरतो, हे त्यांच्या उपचाराचे मर्म होते. (तोतरेपणा ही चूक नव्हे, हेही इथे सांगून ठेवतो.) मुद्दा एवढाच की या विद्येत दुरुस्ती हे लाजेचे काम नाही, ते रोजचे काम आहे.

या विद्येच्या दप्तरातही तसेच. रुग्णाच्या नोंदीत चूक झाली तर व्हाइटनर लावत नाहीत. एक रेघ मारून, मूळ अक्षर वाचता येईल असे ठेवून, बाजूला दुरुस्ती, तारीख आणि सही करतात. अमेरिकेतल्या व्यावसायिक प्रमाणपत्राला किमान ४०० तासांचे प्रत्यक्ष प्रशिक्षण लागते, त्यांतले २५ तास निरीक्षणाचे. तासांवर देखरेख करणाऱ्याची सही असते. ज्या मुलीने अर्जात निरीक्षणाचे तास चुकून जास्त लिहिले आणि स्वतःहून कळवून कमी करून घेतले, ती प्रवेश समितीला पुढच्या सह्यांसाठी जास्त भरवशाची वाटेल की जिचे तास चौकशीत कमी भरले ती? हे ठरवायला वाक्-विज्ञानाची पदवी लागत नाही.

गंमत अशी की गप्प बसण्याचा सल्ला देणारे गृहस्थ स्वतः मंत्रालयात शुद्धिपत्रके काढतात. आदेशात तारीख चुकली तर दुसऱ्या दिवशी क्रमांक घालून शुद्धिपत्रक निघते, आणि आदेश बाद होत नाही. कचेरीतली ही रीत घरी मुलाच्या अर्जालाही लावायला काय हरकत आहे?

पूर्वपक्षाचे एक म्हणणे मात्र मी पूर्ण मान्य करतो. प्रत्येक चूक कळवू नये. मनोगतात एक वेलांटी चुकली, ‘आणि’ दोनदा पडले, म्हणून समितीला पत्र लिहिणे हा उपद्रव आहे. रोज नवे पत्र तर मुळीच नको. मनोगतात दुसऱ्याच विद्यापीठाचे नाव राहून गेले असेल तर नवी फाइल चढवता येते का पाहावे; येत नसेल तर एक ओळ पुरे. कळवायचे ते नोंदीविषयी असावे: काय लिहिले गेले, खरे काय, पुरावा सोबत, दुरुस्तीची विनंती. चूक कुणामुळे झाली, आजोबा आजारी होते, वीज गेली, यातले काही नको. बऱ्याच राष्ट्रीय प्रवेश परीक्षांना दुरुस्तीसाठी काही दिवसांची खिडकी असते, तिची तारीख अर्ज भरण्याच्या दिवशीच लिहून ठेवावी.

आणि ज्या चुकांनी खरोखर वर्षे जातात त्या अर्जाच्या रकान्यात नसतातच. भारतात हा व्यवसाय भारतीय पुनर्वसन परिषदेच्या, म्हणजे आरसीआयच्या, नोंदणीखाली येतो. १९९२ च्या कायद्याच्या तेराव्या कलमाप्रमाणे नोंदणीशिवाय व्यवसाय केल्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. परिषद संस्थेला सरसकट कायमची मान्यता देत नाही. ती अभ्यासक्रमाला आणि ठरावीक सत्रांसाठी असते. संस्थेचे नाव मोठे, पण त्या सत्राची मान्यता संपलेली, असे झाले तर बिनचूक अर्ज कुठे नेणार? अमेरिकेत तसेच: पदवी मान्यताप्राप्त अभ्यासक्रमाची हवी, शिवाय जीवशास्त्र, संख्याशास्त्र, सामाजिक किंवा वर्तनशास्त्र, आणि भौतिक किंवा रसायनशास्त्र या विषयांचे श्रेयांक लागतात. आपल्याकडच्या पदवीधराच्या गुणपत्रिकेवर यांतला एखादा विषय त्या नावाने नसतो, आणि ते कळते प्रवेशानंतर.

वस्तीतल्या बाबू मार्केटात अर्जाच्या प्रती काढायला जाण्याआधी आरसीआयचा कुतुब इन्स्टिट्यूशनल एरियातला पत्ता लक्षात असू द्या. सरोजिनी नगरहून तो लांब नाही. संस्थेचे नाव, अभ्यासक्रमाचे नाव आणि सत्र हे तिन्ही परिषदेच्या यादीत शोधा, शंका राहिली तर लेखी विचारा. त्यानंतर अर्जातली चूक सापडली, तर ती त्याच दिवशी कळवा.