ताठ मानेचा शब्द

सोलापूरच्या हुतात्मा चौकातून जाताना ‘धैर्य’ हा शब्द मनात येतोच. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ रोजी येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आली. त्याआधी, १९३० च्या मे महिन्यात, गांधीजींच्या अटकेनंतर हे गिरणगाव पेटून उठले होते. १२ मे पासून जून अखेरपर्यंत येथे लष्करी कायदा होता. त्या दिवसांतली एक गोष्ट मला फाशीइतकीच बोलकी वाटते. डोक्यावर गांधी टोपी घालणे आणि हाती तिरंगा धरणे हाही शिक्षेस पात्र असा गुन्हा ठरला होता. टोपीने कोणी जखमी होत नाही. मग सशस्त्र सत्तेला तिचे भय का वाटावे? ती टोपी उघडपणे काही सांगत होती, आणि भय त्या उघडपणाचे होते.

यरुशलेमच्या धर्मसभेलाही नेमके हेच भय वाटले होते. प्रेषितांच्या कृत्यांच्या चौथ्या अध्यायात पेत्र आणि योहान तिच्यापुढे उभे आहेत. एका पांगळ्याला त्यांनी बरे केले आहे. तो माणूस शेजारीच उभा असल्यामुळे घटना नाकारण्याची सोय उरलेली नाही. तेव्हा धर्मसभा निर्णय देते तो एवढाच, की या नावाने पुन्हा बोलायचे नाही. बोलणे बंद झाले की प्रकरण मिटेल, असा तिचा हिशेब. पण संत लूक सांगतो, की हे दोघे अशिक्षित, साधे कोळी असूनही त्यांच्या अंगची एक गोष्ट पाहून सभासद चकित झाले. त्या गोष्टीला त्याने ‘पार्‍हेसिया’ हा ग्रीक शब्द वापरला आहे.

आपल्या मराठी भाषांतरांत या एका शब्दासाठी कोठे धैर्य, कोठे उघडपणे, कोठे खात्री असे निरनिराळे शब्द येतात. भाषांतरकारांना दोष देण्याचे कारण नाही. संदर्भ बदलला की अर्थाची छटा बदलते. तरी त्यामुळे होते असे, की नव्या करारात हा शब्द एकतीस वेळा येत असूनही तो एकच शब्द आहे हे वाचकाच्या ध्यानी येत नाही. शिवाय ‘धैर्य’ म्हटले की आपल्यापुढे रणांगण उभे राहते, तर पार्‍हेसियाचा जन्म झाला तो बोलण्यात. ‘पान’ म्हणजे सर्व आणि ‘र्‍हेसिस’ म्हणजे बोलणे. मनात आहे ते सारे, काही हातचे न राखता बोलणे, हा त्याचा मूळ अर्थ.

इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील अथेन्समध्ये हा शब्द नागरिकाचे भूषण होता. युरिपिडीस या नाटककाराच्या एका नाटकात आई वनवासातून आलेल्या मुलाला विचारते, परदेशात सर्वांत अधिक काय सलले? मुलगा भुकेचे किंवा थंडीवाऱ्याचे नाव घेत नाही. तेथे पार्‍हेसिया नव्हती, असे तो सांगतो. आणि मनातले बोलता न येणे हे तर गुलामाचे जिणे, असे आई म्हणते. हे वाचताना गहिवरून येते खरे, पण त्याच अथेन्समध्ये गुलाम, स्त्रिया आणि परके यांना हा हक्क नव्हता, हेही विसरू नये. पार्‍हेसिया हा तेथे मनाचा गुण असण्याआधी माणसाच्या दर्जाचा प्रश्न होता. ज्याचे घर त्याने बोलावे. बाकीच्यांनी ब्र काढू नये.

या शब्दाला एक वाईट बाजूही होती. जीभ उचलून टाळ्याला लावणारा वाचाळ माणूसही ग्रीकांना माहीत होता. पुढे मिसरच्या वाळवंटातील साधूंनी तर फाजील सलगी आणि सैल जीभ या अर्थाने पार्‍हेसियाला दुर्गुणांत घातले. आपल्या गावकीच्या सभांचा अनुभव असणाऱ्यांना त्या साधूंचे म्हणणे पटावे!

या ग्रीक शब्दाला बायबलमध्ये जागा मिळाली ती अलेक्झांड्रियात. ख्रिस्तापूर्वी तिसऱ्या शतकापासून यहुदी पंडितांनी आपले धर्मग्रंथ ग्रीकमध्ये आणले. लेवीय पुस्तकाच्या सव्विसाव्या अध्यायात परमेश्वर आपल्या प्रजेला मिसरातील दास्याची आठवण देतो. मी तुमचे जू मोडले आणि तुम्हांला सरळ उभे चालवले, असा त्या वचनाचा आशय आहे. मूळ हिब्रू शब्द शरीराचा आहे. जुवाखाली वाकलेली मान वर होते, कणा ताठ होतो. येथे भाषांतरकारांनी काय लिहावे? ‘पार्‍हेसियेसह’ असे त्यांनी लिहिले. अथेन्सच्या नागरिकाचा शब्द त्यांनी वेठबिगारांच्या तोंडी दिला. मला तर भाषांतराच्या इतिहासातले हे एक मोठे धाडस वाटते. मराठीत आपण ‘ताठ मानेने’ म्हणतो, तो या अर्थाच्या सर्वांत जवळचा शब्दप्रयोग आहे.

ताठ मान कोणाला मिळते आणि कोणाला नाही, हे समजण्यासाठी सोलापूरकराला मिसरात जावे लागत नाही. या शहरात ‘सेटलमेंट’ हे वस्तीचे नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. ब्रिटिश सरकारने १८७१ साली गुन्हेगार जमातींचा कायदा केला. पुढे १९११ नंतर तो मुंबई इलाख्यातही आला. कैकाडी, पारधी, टकारी, कंजारभाट, मांग गारुडी अशा जमातींत जन्मणे हाच अपराध झाला. सोलापूरला त्यांच्यासाठी तारेच्या कुंपणाची मोठी वसाहत होती. तारेआडची माणसे शहराच्या गिरण्यांत राबत. बाहेर पडायचे तर परवाना लागे, आणि नेमाने हजेरी द्यावी लागे. काही न करताही रोज आपले नाव पुकारले जाऊन ‘हजर’ म्हणावे लागणे, यात माणसाची मान किती वाकत असेल! तेवढाच एक शब्द बोलण्याची त्याला मुभा.

ख्रिस्ती वाचकाने येथे थोडे थांबायला हवे. हिंदुस्थानात अशा वसाहती चालवण्यात मिशनांचा हात होता. इतर प्रांतांत मुक्तिफौजेचा आणि सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनचा. त्या मंडळींनी शाळा काढल्या, आजाऱ्यांची शुश्रूषा केली. त्यांच्या हेतूंविषयी शंका घेण्याचे मला कारण नाही. परंतु ज्यांनी हिब्रू लोकांस लिहिलेल्या पत्रातून कृपासनाजवळ पार्‍हेसियाने जाण्याचे निमंत्रण वाचून दाखवायचे, तेच सरकारच्या कुंपणाचे राखणदारही झाले. दोन्ही कामे एकाच हाताने करता येतात का, हा प्रश्न त्यांच्यापुरताच नाही.

मुंबई राज्यात हा कायदा १९४९ साली गेला आणि देशभरात ३१ ऑगस्ट १९५२ रोजी. तेव्हापासून या जमाती ‘विमुक्त’ म्हणवल्या जातात. जू मोडले, हाच त्या नावाचा अर्थ. पण जू मोडले तरी मान आपोआप वर होत नाही. संशयी नजर आणि पोलिसांची धाड यांना कायदा रद्द झाल्याचे कोणी कळवले नसावे! या समाजांना मराठी साहित्यात मोकळी वाचा फुटायला आणखी काही दशके लागली. लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ हे आत्मकथन १९८७ साली आले आणि १९८८ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. चोरी, भूक, मार, लाज, काहीच हातचे न राखता सांगणारे ते पुस्तक आहे. ‘सारे बोलणे’ या मूळ अर्थाची पार्‍हेसिया मराठीत शोधायची असेल, तर ती प्रथम अशा पुस्तकांत सापडेल.

पुण्याहून सोलापूरकडे येणाऱ्या लोहमार्गावर केडगाव लागते. तेथे पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर, १९२४ साली प्रसिद्ध झाले. त्या आपल्या कॅथलिक पंथाच्या नव्हत्या, पण हा शब्द त्या जगल्या होत्या. १८८३ साली इंग्लंडमध्ये बाप्तिस्मा घेतल्यावर अवघ्या दोन वर्षांत त्यांनी सिस्टर जेराल्डीन यांना लिहिले, त्याचा आशय असा: भटजींच्या जुवातून मी मोठ्या कष्टाने मान सोडवून घेतली आहे, आता तसेच दुसरे जू मानेवर घेणार नाही. सिस्टर जेराल्डीन म्हणजे रमाबाईंची धर्ममाता, परक्या देशातला त्यांचा आधार. लेवीय पुस्तकातले तेच जू येथे पुन्हा दिसते. हे पत्र उद्धटपणाचे आहे असे त्या काळी काहींना वाटले असेल, पण रमाबाईंनी ना श्रद्धा सोडली ना नाते तोडले. कन्या आईशी भांडते तेव्हा घर आपलेच आहे हे तिला ठाऊक असते.

नव्या करारातील पार्‍हेसियाचे मर्म येथे आहे. अथेन्समध्ये नगराचा नागरिक बोलत होता. येथे घरची लेकरे बोलतात. मिस्सामध्ये ‘हे आमच्या स्वर्गीय पित्या’ म्हणण्यापूर्वी लॅटिन विधीत ‘आम्ही म्हणण्याचे धाडस करतो’ असे शब्द येतात, आणि पौर्वात्य ख्रिस्तसभेच्या ग्रीक विधीत त्याच जागी पार्‍हेसिया हा शब्द आहे. देवाला बाप म्हणण्याचे धाडस आणि धर्मसभेपुढे बोलण्याचे धाडस यांना ग्रीकमध्ये नाव एकच. म्हणूनच पेत्र आणि योहान सुटून आल्यावर जमलेल्या मंडळीने छळ टळावा अशी प्रार्थना केली नाही. धमक्या प्रभूच्या कानी घातल्या आणि मागितले ते मोकळेपणाने बोलण्याचे बळ.

पोप फ्रान्सिस यांनी ऑक्टोबर २०१४ मध्ये कुटुंबविषयक सिनडच्या आरंभी महागुरूंना हाच शब्द ऐकवला: पार्‍हेसियाने बोला आणि नम्रतेने ऐका. पोपना काय वाटेल म्हणून काहींनी पूर्वी तोंड उघडले नव्हते, हे कळल्याचे त्यांनी तेथे सांगून टाकले. धर्मसभेची भीती धर्मसभेतच बसलेली असते, ती अशी.

संत लूकने आपला ग्रंथ संपवला तोही याच शब्दाजवळ. पौल रोममध्ये आहे, पहाऱ्यावरच्या शिपायाच्या नजरेखाली. पुरी दोन वर्षे तो आपल्या भाड्याच्या घरात राहिला, येईल त्याचे स्वागत करीत होता आणि पूर्ण पार्‍हेसियाने बोलत होता, असे लूक लिहितो. पुढे पौलाचे काय झाले, ते तो सांगत नाही. साखळी काढल्याचाही उल्लेख नाही.