हाडाच्या पोटातले शब्द

मराठीत माणूस जिवंत असेपर्यंत त्याला हाडे असतात. मेल्यावर त्यांच्या अस्थी होतात. 'हाडे विसर्जनाला नेली' असे कोणी म्हणत नाही, आणि जिन्यावरून पडलेल्याची 'अस्थी मोडली' असेही नाही. जित्या माणसाच्या वाट्याला अस्थी येते ती दवाखान्याच्या पाटीवर, 'अस्थिरोगतज्ज्ञ' म्हणून. तत्सम आणि तद्भव शब्दांनी कामे अशी वाटून घेतल्याची उदाहरणे पुष्कळ सापडतील. पण हाड हे अस्थीचे तद्भव आहे का, इथेच पेच आहे.

अस्थि, पाली-प्राकृतात अट्ठि, इथवर वाट सरळ. पुढे हाड व्हायचे तर आरंभी 'ह' चिकटायला हवा आणि 'ट्ठ'चा 'ड्ड' व्हायला हवा. 'ह' चिकटतो, ओष्ठाचा हिंदीत होंठ झालाच आहे. 'ट्ठ'चा 'ड्ड' होणे मात्र प्राकृताच्या नेहमीच्या चालीत बसत नाही. हेमचंद्राने बाराव्या शतकात 'हड्ड' देशी शब्दांच्या आपल्या कोशात, देशीनाममालेत, घातला, म्हणजे संस्कृतातून त्याचा उगम लावता येत नाही असे त्याला वाटले असावे. मी त्याच्या बाजूचा. या हड्डाने अट्ठीला शरीराबाहेर काढले आणि ती फणसात जाऊन बसली असे दिसते: आठळी. फळातल्या कठीण बीला अस्थि म्हणण्याची रीत संस्कृतातही होती. परदेशी भाऊबंद मात्र शरीरातच राहिले. ग्रीक ओस्तेओन, लॅटिन ओस, अवेस्तेतले अस्त्, आणि फारसी उस्तुख्वानचा पहिला तुकडाही त्याच घरचा असावा.

सांगाडा हा आणखी मजेदार. त्याच्यामागे संस्कृत 'संघाट' असावा, म्हणजे लाकडाला लाकूड जोडणे. दोन होड्या एकत्र बांधल्या की होते ती सांगडही त्याच कुळातली. तेव्हा सांगाडा हा मुळात वैद्याचा शब्द नव्हे, सुताराचा. हे ध्यानात असू द्यावे. सुतार पुढे पुन्हा येणार आहे.

हाडाच्या पोटात काय असते हे मराठी माणसाला शाळेच्या आधी मटणाच्या दुकानात कळते. तिथला शब्द 'नळी'. सुश्रुताने हाडांचे पाच प्रकार केले, कपाल, रुचक, तरुण, वलय आणि नलक, त्यांतले नलक ते हेच. (रुचक म्हणजे दात, आणि तरुण म्हणजे नाककानातली कूर्चा. कूर्चेला 'तरुण हाड' म्हणणाऱ्याची नजर दाद देण्याजोगी आहे.) नड किंवा नल म्हणजे बोरू, आपली नडगी त्यातूनच आली असावी. अशी एखादी नळी उभी चिरून पाहावी. मधल्या भागात भिंत जाड आणि आत मोकळी पोकळी, मऊ मज्जेने भरलेली. टोकाशी भिंत पापुद्र्याएवढी पातळ होते आणि पोकळीच्या जागी बारीक हाडांची जाळी दिसते; तिच्या घरांतून लालसर ओल. सुश्रुतानेही हा फरक टिपला आहे: मोठ्या हाडांत मज्जा, बाकीच्यांत रक्तयुक्त मेद. आज आपण पिवळी मज्जा आणि लाल मज्जा म्हणतो, आणि रक्तपेशी लाल मज्जेत तयार होतात हे जाणतो.

मज्जेचे गोत्रही मोठे आहे. अवेस्तेत मज्ग, फारसीत मग्ज, रशियनमध्ये मोज्ग. फारसी मग्ज मेंदूला, हाडातल्या मगजाला आणि बीमधल्या गरालाही चालतो, आणि तोच मराठीत मगज होऊन बसला. म्हणजे मगजमारी करणारा व्युत्पत्तीने मज्जेचीच मारामारी करतो. नसांना मज्जातंतू आणि त्यांच्या व्यवस्थेला मज्जासंस्था म्हणणाऱ्यांनीही मेंदू आणि मज्जा एकच धरले होते असे दिसते. मराठीत ते नाव टिकले आणि अस्थिमज्जेशी त्याचा घोळ आजतागायत चालू आहे. गंमत करतो ती मज्जा मात्र वेगळ्या घरची. ती फारसी 'मजा', मूळ अर्थ चव. नळी चोखणाऱ्याला हा भेद पटायचा नाही.

आता रोगाकडे. वाग्भटाने मज्जा क्षीण झाल्याची लक्षणे देताना अस्थींचे 'सौषिर्य' सांगितले आहे, सोबत चक्कर आणि डोळ्यांपुढे अंधारी. सौषिर्य म्हणजे सुषिरपणा, पोकळपणा. बासरी आणि सनई ज्या वर्गात बसतात त्या सुषिर वाद्यांतला हा शब्द. ऑस्टिओपोरोसिसला 'अस्थिसुषिरता' हा प्रतिशब्द घडवणाऱ्याच्या मनात वाग्भट असावा. ग्रीक नाव स्ट्रासबूर्गच्या लोबस्टाइनने एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात दिले. त्यातला पोरोस म्हणजे वाट, आणि 'नदीपार'मधल्या आपल्या पारशी त्याचे नाते असावे. बोलण्यात मात्र आपण 'हाडे ठिसूळ झाली' म्हणतो. ठिसूळ हा परिणाम झाला. सुषिर हे कारण. म्हणून सुषिर मला अधिक नेमका वाटतो, जरी निरोगी हाडही टोकाशी सुषिरच असते. रोगात बिघडते ते छिद्रांमधले बांधकाम.

त्या बांधकामाच्या बारीक काड्यांना लॅटिनमध्ये ट्रॅबेक्युला म्हणतात, म्हणजे लहानशी तुळई. सुतार परत आला तो असा. 1866च्या सुमारास झुरिकमध्ये हेर्मान फोन मायर या शरीरशास्त्रज्ञाने मांडीच्या हाडाचा उभा छेद दाखवला, तेव्हा कार्ल कुलमान या अभियंत्याला त्या तुळयांच्या वळणांत क्रेनमधल्या ताणदाबाच्या रेषा दिसल्या. बर्लिनच्या युलियुस वोल्फने 1892मध्ये त्याचा नियम केला: भार जसा पडेल तसे हाड आतून स्वतःला रचत जाते. सुषिरतेत मणक्यातल्या आडव्या तुळया आधी जातात आणि उभे खांब निराधार राहतात. आधाराशिवायची लांबी दुप्पट झाली की सडपातळ खांबाची वाकण्याविरुद्धची ताकद चौथाईवर येते, हे ऑयलरचे गणित. हाड थोडेच कमी झालेले असते, आणि मणका मात्र चेपतो.

तपासणीच्या अहवालावर असते ती 'अस्थिघनता'. जागतिक आरोग्य संघटनेने 1994मध्ये सीमा ठरवली: तरुण वयाच्या सरासरीपासून उणे अडीच प्रमाण-विचलन किंवा त्याखाली गेले तर सुषिरता. गंमत अशी की वाद्यांतही सुषिराशेजारी घन हा वर्ग आहेच, टाळ-झांजांचा. पण घनता सांगते किती माल शिल्लक आहे. तुळया कुठे तुटल्या ते सांगत नाही. सीमेच्या अलीकडच्यांचीही हाडे मोडतात ती काही अंशी यामुळे.

मुडदूस सुषिरतेच्या उलट. शब्द मुडद्यावरून, म्हणजे फारसी मुर्दावरून आलेला दिसतो. वाळत, मरगळत जाणाऱ्या कुठल्याही पोराचे दुखणे आधी त्यात येत असावे, आणि पुढे तो ड जीवनसत्त्वाच्या अभावाने पाय वाकण्याच्या रोगापुरता आवळला गेला. सुषिरतेत उरलेले हाड चांगले असते, फक्त कमी असते. मुडदुसात साचा घातला जातो, पण त्यावर चुना बसत नाही. म्हणून हाड मोडण्याआधी वाकते.

राहिला तिसरा प्रकार. 1904मध्ये हाम्बुर्गच्या आल्बर्स-श्योनबर्गने क्ष-किरणांत भरीव, पांढरीफेक हाडे पाहिली. रोगाचे चालू नाव संगमरवरी हाडे. संग म्हणजे फारसी दगड, मरमर मूळचा ग्रीक, आणि दुसऱ्या 'म'चा 'व' करून उच्चार सोपा करणे हा आपला उद्योग असावा. ही हाडे घनतेत अव्वल आणि तरी मोडतात. जुने हाड खाऊन जागा करणाऱ्या अस्थिभंजक पेशी काम करत नाहीत, त्यामुळे जुने हाड निघत नाही, पोकळी राहत नाही, आणि तान्ह्या मुलांतल्या तीव्र प्रकारात मज्जेला जागाच न उरल्याने रक्त कमी पडते. त्या भंजक पेशी घडतात मज्जेतल्याच रक्तपेशींच्या बीजातून. म्हणून अशा मुलांना दुसऱ्याची मज्जा देतात, आणि ती रुजली तर आतले हाड खाल्ले जाऊ लागते.