तेल, लाकूड आणि चेंडू : टेनपिन बोलिंगमधील पारखीचा इतिहास

टेनपिन बोलिंगचा नवा चेंडू कसा आहे, या प्रश्नाचे उत्तर लेनची अवस्था सांगितल्याविना देता येत नाही, ही आजच्या खेळाडूला उघड वाटणारी गोष्ट खेळाच्या नियमांत उतरायला जवळजवळ एक शतक लागले. 1895 मध्ये न्यूयॉर्क येथे स्थापन झालेल्या अमेरिकन बोलिंग काँग्रेस या नियामक संस्थेने चेंडूचे कमाल वजन 16 पौंड आणि फाऊल रेषेपासून पहिल्या पिनपर्यंतचे अंतर 60 फूट असे ठरवून गावोगावचा वेगवेगळा खेळ एका मापात आणला. परंतु फूटपट्टीने व तराजूने जे मोजता येत होते तेवढेच तिने मोजले. त्या काळी चेंडू लिग्नम व्हिटे या अतिशय जड लाकडाचे असत, आणि 1905 मध्ये आलेला ‘एव्हरट्रू’ हा रबरी चेंडू किंवा 1914 मध्ये ब्रन्सविक कंपनीने आणलेला ‘मिनरलाइट’ यांची परीक्षा मुख्यतः ते किती काळ गोल राहतात आणि चिरतात की नाही, एवढ्यापुरती होती.

लेन मात्र कधीच एकजिनसी नव्हती. सुमारे साडेएकेचाळीस इंच रुंदीच्या लेनमध्ये साधारण एक इंच रुंदीच्या 39 पट्ट्या असत. चेंडू जिथे आदळतो तो पुढचा भाग आणि पिना उभ्या राहतात तो भाग कठीण मेपलचा, तर मधला लांब पट्टा मऊ पाइनचा असे. त्यावर पूर्वी शेलॅकचा, म्हणजे छोटा नागपूरच्या जंगलांतून जगभर जाणाऱ्या लाखेपासून केलेल्या रोगणाचा लेप असे, आणि पुढे नायट्रोसेल्युलोज लॅकर आले. फेकलेला चेंडू प्रथम घसरतो, मग वळतो आणि शेवटी सरळ गडगडतो. या तीन अवस्थांपैकी घसरण्याच्या अवस्थेतील घर्षणाने पुढच्या भागाचा लेप झिजत असल्यामुळे तेथे तेल लावले जाऊ लागले. ज्या तेलाभोवती पुढे या खेळाचे सारे डावपेच फिरले, ते मुळात फरशी राखण्याची देखभाल म्हणून आले होते.

लॅकर सहज पेट घेणारे असल्यामुळे त्याची जागा पॉलियुरेथेनने घेतली, तेव्हा लेन अधिक कठीण आणि अधिक निसरड्या झाल्या, आणि ज्या रबरी व पॉलिएस्टर चेंडूंना पूर्वी पुरेशी पकड मिळत असे ते सरळ निघून जाऊ लागले. चेंडू बिघडले नव्हते, त्यांच्याखालची जमीन बदलली होती. 1973 च्या व्यावसायिक हंगामात डॉन मॅक्यून याने आपले चेंडू रासायनिक द्रावकात भिजवून त्यांचे कवच मऊ केले, त्यामुळे त्यांची पकड वाढली आणि तो त्या वर्षीचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. यावर नियामकांनी चेंडूच्या कवचाला किमान कठिणतेची मर्यादा घातली; रोगाचे मूळ लेनमध्ये असताना औषध चेंडूला पाजण्याचा हा प्रकार होता.

कारखानदारांनी ती मर्यादा पाळूनच मार्ग काढला. 1980 च्या दशकाच्या प्रारंभी युरेथेनचे कवच आले आणि 1990 च्या दशकाच्या आरंभी रिअॅक्टिव्ह रेझिन आले, ज्याच्या सूक्ष्म छिद्रांत तेल शोषले जात असल्यामुळे तेलावर लांब घसरणारा चेंडू कोरड्या भागात पोहोचताच जोरात वळतो. जोडीला आतल्या गाभ्याचा आकार बदलून चेंडूचा आस फिरण्याची गती नियंत्रित केली जाऊ लागली. अशा चेंडूची चाचणी एकाच लेनवर करणे निरर्थक ठरले, कारण 35 फुटांच्या आखूड तेलपट्ट्यावर तो फार लवकर वळतो, आणि 40 फुटांपलीकडच्या दाट तेलावर वळायला उशीर करतो. शिवाय काही फ्रेमनंतर तो स्वतःच तेल शोषून लेन बदलून टाकतो.

लेनचा प्रश्न सर्वांत ठळकपणे पुढे आला तो 1982 मध्ये. कॅलिफोर्नियातील ला हाब्रा येथे 1 जुलै रोजी ग्लेन ॲलिसन याने लागोपाठ तीन डावांत प्रत्येकी 300 गुण मिळवून 900 ची मालिका पूर्ण केली, पण काँग्रेसने लेनवरील तेल नियमांनुसार नसल्याचे कारण देऊन ती अधिकृत मानली नाही. मध्ये तेल आणि कडेला कोरडेपणा ठेवला की चुकलेला चेंडूही पिनांकडे वळवून आणता येतो, हे बोलिंग केंद्रांच्या चालकांना ठाऊक होते, आणि ॲलिसनवरील निर्णय कठोर वाटला तरी त्यामागची शंका निराधार नव्हती. अशी पहिली मान्यताप्राप्त मालिका 1997 मध्ये जेरेमी सोननफेल्ड याच्या नावावर नोंदली गेली. काँग्रेसने 2000 मध्ये सुरू केलेल्या ‘स्पोर्ट बोलिंग’मध्ये मधल्या व कडेच्या तेलाचे प्रमाण 3 ला 1 पेक्षा जास्त नसावे, असे ठरले, तेलाची वाटणी आकड्यांत पकडण्याचा हा गंभीर प्रयत्न होता.

2005 मध्ये काँग्रेस आणि इतर संस्था एकत्र येऊन युनायटेड स्टेट्स बोलिंग काँग्रेस बनली. तिच्या चेंडूगतीच्या अभ्यासात गाभ्याच्या रचनेपेक्षा पृष्ठभागाच्या खरखरीतपणाचा प्रभाव अधिक आढळला, आणि ‘अर्ल’ या चेंडू फेकणाऱ्या यंत्रामुळे माणसाच्या हाताचा फरक वगळून एकच फेक पुन्हा पुन्हा करता येऊ लागली. 2020 मध्ये लागू झालेल्या नियमांत चेंडूवरील समतोल-छिद्रे बंद झाली आणि चेंडू तेल किती वेगाने शोषतो यालाही मर्यादा आली.