परक्याच्या मुखवट्यामागं

परवा वस्तीतल्या अभ्यासवर्गात एका पोराने लॅपटॉपवर पिक्चर लावला. 'स्टारगेट', 1994 चा. कोल्ह्याच्या तोंडाचा अनुबिस, ससाण्याच्या तोंडाचा होरस. इजिप्तच्या थडग्यांतल्या भिंतींवरचे देव, पण इथे धातूचे मुखवटे चढवून शिपाई झालेले. मुखवटा खटाखट मागे सरकतो अन् आत निघतो माणूस. त्यांचा राजा 'रा' हा परग्रहावरचा. इजिप्तच्या माणसांना गुलाम करून त्याने दुसऱ्या ग्रहावरच्या खाणीत जुंपलेलं. पिक्चर संपला तसं पोराने विचारलं, "दादा, मग पिरॅमिड खरंच वरून आलेल्यांनी बांधले काय?"

मला हसू आलं नाही. मी त्याच्याएवढा होतो तेव्हा लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली, असं मीही खरं धरून चाललो होतो.

म्हणून मित्रांनो, ह्या परक्यांच्या चेहऱ्यांचा माग काढायला बसलो. हे चेहरे येतात कुठून?

सगळ्यात गाजलेला परका म्हणजे 1979 च्या 'एलियन'मधला. रिडली स्कॉटचा पिक्चर. प्राण्याचं रूप घडवलं हान्स रुडी गीगर ह्या स्विस चित्रकाराने. औषधविक्याचा पोरगा, 1940 चा जन्म. लहानपणी कूर गावच्या संग्रहालयात त्याने इजिप्तची ममी पाहिली. भ्याला. आणि भीत भीत पुन्हा पुन्हा तिथंच जात राहिला. पुढे हाडं, नळ्या, यंत्रं आणि वाळलेलं मानवी शरीर असं सगळं एकात एक कालवून तो एअरब्रशने चित्रं काढू लागला. 1976 च्या 'नेक्रोनोम चार' ह्या चित्रात ते लांबच लांब डोकं आहे. स्कॉटने गीगरचं पुस्तक पाहिलं आणि प्राणी तिथंच ठरला. पटकथेच्या आधीच्या खर्ड्यात तर चक्क एक पिरॅमिड होता आणि त्यातल्या भिंतीसाठी गीगरने चित्रलिपीही रंगवली होती. खर्चापायी पिरॅमिड गळाला.

काही लोक म्हणतात, ते डोकं राजा अखेनातेनच्या पोरींच्या मूर्तींवरून आलं. त्यांची डोकी मागे अशीच लांबलेली घडवलीत. दिसायला जुळतं, कबूल. पण दिसणं हा पुरावा नव्हे. ममीचं मात्र गीगर स्वतः सांगायचा, म्हणून ते मी धरतो. घेतलं म्हणून माझी तक्रारही नाही. कला इकडची तिकडे जाणारच, आणि गीगरने ती अंगात भिनवून घेतली, नुसती उचलली नाही.

माझी तक्रार पुढे आहे. तो काळा प्राणी पडद्यावर चालतो तेव्हा आत कोण आहे?

आत आहे बोलाजी बदेजो. नायजेरियाचा. लंडनमध्ये चित्रकलेचं शिक्षण घेत होता. उंची 6 फूट 10 इंच, अंग सडपातळ. एका दारूच्या गुत्त्यात कुणाच्या तरी नजरेत भरला. त्याला मूकाभिनय शिकवला, ताई ची शिकवली. पोशाखाच्या शेपटीमुळे खाली बसता येईना, म्हणून टेकायला झोपाळा बांधून दिला! काही धोक्याच्या उड्या स्टंटवाल्यांनी मारल्या, पण त्या प्राण्याची चाल बदेजोची. पिक्चरभर त्याचा चेहरा एकदाही दिसत नाही. पुढे त्याने दुसरा पिक्चर केला नाही. 1992 साली तो वारला, चाळिशीही गाठली नाही.

1987 चा 'प्रेडेटर' घ्या. त्या शिकाऱ्याच्या डोक्यावर जटा. त्या जमैकाच्या रास्ताफारी लोकांकडून आलेल्या. आत पुन्हा एक काळा माणूस, केविन पीटर हॉल, सात फुटांहून उंच. शेवटी हेलिकॉप्टरचा पायलट म्हणून त्याचा स्वतःचा चेहरा क्षणभर दिसतो, एवढंच. गोऱ्यांच्या पिक्चरला भीती दाखवायची असली की आफ्रिका लागते. जुनीही लागते, आजचीही लागते.

आता पिरॅमिड. एरिक फॉन डेनिकेन हाही स्विसच, हॉटेलचा मॅनेजर. 1968 साली त्याने पुस्तक लिहिलं की जुन्या जगातली मोठमोठी कामं परग्रहवासीयांच्या मदतीने झाली. 'स्टारगेट'ची जात ह्याच गोष्टीची. ही गोष्ट एवढी खपली की पुढे अमेरिकेतल्या एका टीव्ही मालिकेने आपल्या वेरूळच्या कैलासालाही तेच लेबल लावलं. झालं! पाथरवटाच्या हातातली छिन्नी गेली.

खरं काय ते इजिप्तच्या मातीनेच सांगितलंय. गिझाला 1990 साली कामगारांची थडगी सापडली. हाडं झिजलेली, काही मोडून पुन्हा जुळलेली, म्हणजे कुणीतरी उपचार केलेले. 2013 साली तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फला पपायरसचे तुकडे मिळाले. त्यात मेरर नावाच्या मुकादमाची रोजनिशी आहे. टोळीतली चाळीसेक माणसं घेऊन तो तुऱ्याच्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेने गिझाला नेतोय. साडेचार हजार वर्षांपूर्वीची हजेरी-वही म्हणा ना!

आणि अनुबिसचा तो चेहरा? राजांच्या थडग्यांत तो रंगवणारे, कोरणारे कारागीर देर अल-मदिना ह्या वस्तीत राहत. तिसऱ्या रामसेसच्या 29 व्या वर्षी, इ.स.पू. बाराव्या शतकात, त्यांचा धान्याचा पगार थकला. त्यांनी हत्यारं खाली ठेवली, चौक्या ओलांडल्या आणि राजाच्या देवळामागे बसकण मारली. म्हणाले, भुकेने आणि तहानेने इथवर आलो. हे एका लेखनिकाने टिपून ठेवलंय, तो कागद इटलीत तुरीनच्या संग्रहालयात आहे. जगातला नोंद झालेला हा पहिला संप. ज्यांनी अनुबिस घडवला त्यांनीच अनुबिसच्या मालकाचं काम बंद पाडलं. ह्यावर पिक्चर का नाही काढत कुणी?

'स्टारगेट'मध्ये एक गोष्ट मात्र माझ्या काळजाला लागली. रा ने गुलामांना लिहिणं-वाचणं बंद केलंय. कारण पूर्वी पृथ्वीवर माणसांनी त्याच्याविरुद्ध बंड केलं होतं. तिथं अभ्यासवर्गातली सगळी पोरं एकदम गप्प झाली. सांगायची गरजच नव्हती. पण पुढे ती लपवलेली अक्षरं वाचून दाखवतो कोण? अमेरिकन पंडित! बंदुका देतात कोण? अमेरिकन शिपाई! गुलामांची पोरं त्यांच्या मागून धावतात.

पोराला मी सांगितलं, कार्ल्याच्या चैत्यगृहावर ब्राह्मीत एक लेख आहे. धेनुकाकटाच्या सामी नावाच्या सुताराने दर्शनी भागाचं काम केलं, असा. पांडव नाही, देव नाही, परग्रहावरचा तर नाहीच. सुतार. नावासकट.

त्याने लॅपटॉप मिटला. म्हणाला, "दादा, ब्राह्मी किती दिवसांत येते?" मी म्हटलं, रोज बसलास तर महिन्याभरात अक्षरं ओळखशील. येत्या रविवारी कार्ल्याला जायचं ठरलंय. ज्यांना यायचंय त्यांनी वही घेऊन यावं, सकाळच्या लोकलने निघू.